वॉरंटीत रिपेअर अडकलंय आणि कंपनी म्हणते पार्ट नाही? मग हे करा

"पार्ट ऑर्डरला टाकलाय, आला की आम्हीच फोन करू." फ्रिजचा पीसीबी म्हणजे आतलं सर्किट बोर्ड असो, टीव्हीचं पॅनल असो, वॉशिंग मशीनची मोटर असो नाहीतर ई-स्कूटरचा कंट्रोलर, उत्तर ठरलेलं. मग आपण काय करतो, दोन दिवसांनी फोन लावतो, आवाज चढवतो, तिकडून सॉरी सर, एस्कलेट करते सर, नवीन तिकीट नंबर, परत आठवडा गेला. एवढं भांडून हातात काय राहतं? काही नाही. कॉल त्यांच्याकडे रेकॉर्ड होतो, आपल्याकडे नाही. पार्ट नसणं ही कंपनीची अडचण आहे, आपली नाही, पण हे कागदावर आणायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागतं आणि ते पहिल्या दिवसापासून करावं लागतं.

आधी एक कडू गोष्ट. वॉरंटीतली वस्तू अमुक दिवसांत दुरुस्त करून दिलीच पाहिजे असा आकडा आपल्या कायद्यात कुठेही नाही. व्हॉट्सअॅपवर ते फिरत असतं ना, ३० दिवसांत रिपेअर नाही झालं तर नवीन वस्तू फुकट, ते तसं नाहीये. ३० दिवस हा शब्द कायद्यात आहे पण वेगळ्या जागी: सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला दुकानदार किंवा कंपनी नकार देत असेल, बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत, तर ती अनुचित व्यापार प्रथा ठरते. रिपेअरच्या दिवसांशी त्याचा थेट संबंध नाही. पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा, पण काउंटरवर "तीस दिवस झाले, आता नवीन द्या" असं म्हणून ते देतील असं समजू नका.

मग हक्क काय आहे? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात सेवेतली त्रुटी नावाचा प्रकार आहे. वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेलं वचन, त्यासाठी आपण वस्तूच्या किमतीतच पैसे मोजलेत, आणि ते वचन वाजवी वेळेत पाळलं नाही तर ती त्रुटी. वाजवी म्हणजे किती हे वस्तूवर ठरतं. मे महिन्यात नागपूरला बंद पडलेला फ्रिज आणि हॉलमधला दुसरा टीव्ही यांना एकच मोजपट्टी कोणी लावणार नाही. घरात इन्सुलिन ठेवायचं असेल, लहान बाळ असेल, तर ते पहिल्याच ईमेलमध्ये लिहा, कारण नंतर सांगितलं की ते बनवून सांगितल्यासारखं वाटतं.

आणि हो, तुटवडा खरा असू शकतो हेही मान्य करायला पाहिजे. २०२१ मध्ये चिप मिळेनात म्हणून कारखान्यांमध्ये गाड्यांचं प्रॉडक्शन रखडलं होतं, तिथे सर्व्हिस सेंटरवाला कुठून आणणार. पण तुटवडा खरा असला तरी त्याचा अर्थ ग्राहकाने अनंत काळ थांबावं असा होत नाही, पार्ट मिळत नसेल तर बदलून द्या किंवा पैसे परत करा, हे दोन रस्ते कंपनीकडे असतातच. आणि माझं स्पष्ट मत, बऱ्याचदा त्याच मॉडेलचे नवे पीस शोरूममध्ये झोकात उभे असतात आणि पार्ट मात्र नाही, म्हणजे तो माल नवीन वस्तूंकडे वळवलाय, आपल्याकडे नाही. असं दिसलं तर शोरूममधला त्या मॉडेलचा फोटो काढा, प्राइस टॅगसकट. ऑनलाइन ते मॉडेल "इन स्टॉक" दिसत असेल तर तारखेसकट स्क्रीनशॉट. पुढे फार कामाला येतो.

जॉब शीटपासून सुरुवात

टेक्निशियन घरी आला, उघडून बघितलं, म्हणाला पीसीबी गेलाय, ऑर्डर करतो, आणि निघाला. थांबवा त्याला. जॉब शीट, म्हणजे पाहणीचा कागद, मागा, कागदी नसेल तर त्याच्या अॅपमधून पीडीएफ किंवा एसएमएस, तेही नसेल तर तिथल्या तिथे त्याच्याच नंबरवर मेसेज टाका: "आज तुम्ही पाहणी केली, पीसीबी खराब आहे आणि पार्ट मागवतोय असं सांगितलंत, बरोबर ना?" आणि त्याचं "हो" येऊ द्या. जॉब शीटवर दोष काय, कोणता पार्ट लागणार, वॉरंटीत आहे की नाही, आणि तारीख, या चार गोष्टी हव्यात.

यावर एवढा जोर का देतोय तर कारण आहे. ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या कोर्टात, नेहमीच्या केसमध्ये सगळ्यात मोठं भांडण असतं वस्तूत दोष आहे का नाही यावर, त्यासाठी लॅब टेस्ट, एक्सपर्ट रिपोर्ट, महिने जातात. आपल्या केसमध्ये कंपनीच्याच माणसाने लिहून दिलंय की पार्ट खराब आहे, वॉरंटीत आहे, आणि पार्ट उपलब्ध नाही. म्हणजे अर्धी केस त्यांनीच सिद्ध करून दिली. तो एक कागद जपा.

वस्तू सर्व्हिस सेंटरला सोडत असाल, मोबाइल लॅपटॉप वगैरे, तर ओरिजिनल बिल देऊ नका, झेरॉक्स द्या. सिरीयल नंबर किंवा आयएमईआय (मोबाइलचा ओळख नंबर) पावतीवर लिहून घ्या आणि स्क्रॅच नाहीत हे दाखवणारे फोटो काढून ठेवा, नाहीतर महिन्याने म्हणतात "फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटी लागत नाही". डेटाचा बॅकअप घेऊन फोन कोरा करून द्या, तो तिथे किती दिवस पडून राहील ते कोणालाच माहीत नसतं.

ओटीपीचा खेळ

आता हा प्रकार नीट वाचा. पार्ट आलेला नसतो, पण सर्व्हिस सेंटरवर कॉल ठराविक वेळेत बंद करायचं प्रेशर असतं. मग फोन येतो, "काकू तुमच्या मोबाइलवर एक कोड आलाय तो सांगा ना, पार्ट मागवायला सिस्टीममध्ये टाकायला लागतो." आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितला, मशीन तसंच बंद, आणि पाच मिनिटांत मेसेज: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, आम्हाला रेटिंग द्या. तो कोड काम झाल्याचा असतो. एसएमएस पूर्ण वाचा, त्यात बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की काम पूर्ण झाल्यावरच द्यावा. मशीन चालू होऊन एक वॉश निघाल्याशिवाय कोड द्यायचा नाही, घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा.

आणि न विचारता तिकीट बंद केलं, किंवा "कस्टमर नॉट अव्हेलेबल" मारून बंद केलं, तर गप्प बसून नवीन तक्रार नोंदवू नका. नवीन नंबर मिळाला की कागदावर तुमची तक्रार कालची होते, दीड महिन्याची राहत नाही. कंपनीला ईमेल करा की जुना तिकीट नंबर अमुक, काम न होता बंद केलाय, पुन्हा उघडा, नवीन नंबर दिला तरी मूळ तारीख हीच धरावी. एसएमएसचा स्क्रीनशॉट जोडा.

ईमेल, मग नोटीस

आठवडाभरात पार्टची तारीख सांगत नसतील तर ईमेल टाकायचा, कस्टमर केअरला, आणि सीसीमध्ये कंपनीच्या वेबसाइटवर जो तक्रार अधिकारी किंवा नोडल अधिकारी दिलेला असेल त्याला. वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर त्या प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्यालाही टाका, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, ब्रँडशी बोला" हे उत्तर येणारच, येऊ द्या, तेही लेखी आलं की आपल्याच फाइलला लागतं.

ईमेलमध्ये शिव्याशाप नकोत, गोष्ट नको, तारखा हव्यात. साधारण असं लिहा:

"विषय: वॉरंटीतील फ्रिजची दुरुस्ती प्रलंबित, तिकीट क्र. अमुक. मी दि. अमुक रोजी अमुक दुकानातून वरील फ्रिज घेतला, बिल सोबत जोडले आहे. दि. अमुक रोजी तो बंद पडला, त्याच दिवशी तक्रार नोंदवली. दि. अमुक रोजी आपल्या टेक्निशियनने तपासून पीसीबी खराब असल्याचे व पार्ट उपलब्ध नसल्याचे जॉब शीटवर लिहून दिले. तेव्हापासून वस्तू वापरात नाही. कृपया, (१) पार्ट नक्की कोणत्या तारखेला येणार ते लेखी कळवा, (२) तोपर्यंत पर्यायी फ्रिज द्या, (३) जितके दिवस वस्तू बंद होती तितके दिवस वॉरंटी वाढवून दिल्याचे लेखी द्या. १५ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास मला त्याच प्रतीचा नवीन फ्रिज किंवा पूर्ण किंमत परत हवी आहे, अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे जाईन."

बास. मराठीत लिहिलं तरी चालतं, कंपनी बाहेरची असेल तर खाली इंग्रजीत तेच टाका म्हणजे "भाषा समजली नाही" हा बहाणा राहत नाही. पर्यायी फ्रिज बहुधा देत नाहीत, पण मागणं महत्त्वाचं, मागितलं होतं आणि दिलं नाही ही नोंद राहते. वॉरंटी वाढवण्याचंही तसंच, कायद्याने ती आपोआप वाढत नाही, मागून लेखी घ्यावी लागते, आणि दोन महिने सर्व्हिस सेंटरमध्ये पडलेल्या वस्तूच्या वॉरंटीचे दोन महिने का जावेत.

त्या १५ दिवसांत काही झालं नाही तर हाच मजकूर छापून, सही करून कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसला आणि दुकानदाराला पोस्टाने. जुनी माणसं सांगतील रजिस्टर एडी करा, पण २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तर आता स्पीड पोस्टच, पोच मागून. पावती आणि पोहोचल्याचं ट्रॅकिंग प्रिंट काढून ठेवा, काही दिवसांनी ते वेबसाइटवर सापडत नाही. वकिलाचीच नोटीस लागते असं नाही, आयोगात जायला नोटीस सक्तीची पण नाही, पण नोटीसला उत्तर न देणारी कंपनी पुढे जरा अवघडते.

या काळात जो खर्च होतो त्याची बिलं ठेवा. लाँड्री, भाड्याने आणलेला फ्रिज, स्कूटर बंद म्हणून रिक्षा. फेकून दिलेल्या भाजीचं बिल कोण ठेवतं, पण महागडं औषध खराब झालं असेल तर मेडिकलवाल्याचं बिल आणि फोटो नक्की ठेवा.

१९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन १९१५, व्हॉट्सअॅप ८८००००१९१५, शिवाय वेबसाइट आणि अॅप, मराठीतही बोलतात. नोटीसची वाट न बघता पहिल्या ईमेलनंतर लगेच इथे टाका. हे कोर्ट नाही, हुकूम काढू शकत नाहीत, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागवतात. पण अनेक मोठ्या कंपन्यांचं त्यांच्याशी थेट जोडलेलं खातं असतं आणि तिथली तक्रार साध्या कस्टमर केअरच्या मुलांकडे जात नाही, वरच्या टेबलावर जाते, म्हणून कधीकधी जो पार्ट देशात नव्हता तो अचानक मिळतो. कसा ते विचारू नका.

आपली तक्रार नाही सुटली तरी ती मोजली जाते हेही आहे. ओला इलेक्ट्रिकचं प्रकरण आठवत असेल, एका वर्षात हेल्पलाइनवर दहा हजारांवर तक्रारी जमल्या, त्यात सर्व्हिसला लागणाऱ्या उशिराच्या बऱ्याच होत्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस पाठवली. प्राधिकरण तुमची एकट्याची स्कूटर दुरुस्त करून देत नाही, त्यासाठी आयोगच, पण सगळ्यांनी मिळून नोंदवलं तर दबाव येतो.

मुंबई-पुण्याकडे आणि इतरही शहरांत ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संघटनेची माणसं मार्गदर्शन करतात, पत्र कसं लिहायचं इथपासून. या लोकांनी १९७४-७५ पासून हेच काम केलंय, लाज न बाळगता जा.

कंपनी "ऑफर" देते तेव्हा

जरा दबाव आला की फोन येतो, सर पार्ट येणारच नाही, मॉडेल बंद झालंय, तुम्हाला रिफंड देतो पण घसारा कापून. म्हणजे पंधरा महिने वापरलात म्हणून इतके टक्के वजा. किंवा नवीन मॉडेल घ्या, वर इतके हजार भरा. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या अटींमध्ये घसाऱ्याचं कोष्टक छापलेलं असतं कधीकधी, तर आधी ते वाचा. कंपनीच्या मूळ वॉरंटीत असताना मात्र लगेच हो म्हणू नका, कोणत्या अटीखाली कापताय ते ईमेलवर मागा, आणि पार्ट ठेवला नाही तो तुम्ही, वजाबाकी माझी का, असं सरळ विचारा. बऱ्याचदा आकडा सुधारून येतो. पण दोन वर्षं खेटे घालण्यापेक्षा थोडं कमी घेऊन मोकळं व्हावं असं वाटलं तर त्यातही काही चूक नाही, फक्त "फुल अँड फायनल, यापुढे कोणतीही तक्रार नाही" या कागदावर पैसे खात्यात यायच्या आधी सही करू नका.

एक्स्टेंडेड वॉरंटीचं अजून एक, ती बहुतेक वेळा वस्तूच्या कंपनीची नसते, तिसऱ्याच कोणाची तरी असते, त्यामुळे सर्टिफिकेटवर खाली कोणाचं नाव आहे ते बघून नोटीस त्यालाही पाठवा. परदेशातून भाच्याने आणलेल्या लॅपटॉपचं तर आधी आंतरराष्ट्रीय वॉरंटी आहे का तेच तपासा, असली तरी तिकडच्या मॉडेलचा कीबोर्ड इथे स्टॉकमध्ये नसतो आणि वाट बघणं आलंच.

आयोगात जायचं तर

लोक अजून ग्राहक मंच म्हणतात, आता नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्या घरगुती वस्तू सगळ्या इथेच. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वॉरंटी कार्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरात "फक्त दिल्ली न्यायालयाच्या अधीन" लिहिलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. सांगलीचा माणूस सांगलीतच, मडगावचा मडगावातच.

वकील सक्तीचा नाही, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल करता येतं, सुनावणीला व्हिडिओ कॉलवर हजर राहायची मागणीही करता येते. तारखांची यादी, बिल, जॉब शीट, ईमेल, नोटीस आणि पोच, हेल्पलाइनवरच्या तक्रारीचा नंबर, आणि प्रतिज्ञापत्र, एवढं जोडा. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पार्टी करा, एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तो दुसरा तिथे नसतोच. मागण्या स्पष्ट लिहा: वस्तू बदलून किंवा व्याजासह किंमत परत, झालेला खर्च बिलांप्रमाणे, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. तीस हजाराच्या मशीनसाठी दहा लाख त्रासाचे मागू नका, तुम्हीच हास्यास्पद दिसता.

बिल दुकानाच्या किंवा हॉटेलच्या नावावर घेतलं असेल, जीएसटीचा इनपुट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळावी म्हणून करतात लोक, तर कंपनी पहिली हरकत हीच घेते की हा व्यावसायिक वापर, हा ग्राहकच नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेला धंदा असेल तर कायद्यात सूट आहे, पण ते तक्रारीतच लिहावं लागतं. घरच्या वस्तूचं बिल घरच्याच नावावर घ्या, चार पैशांच्या इनपुटसाठी हा डोक्याला ताप नको.

मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. आम्ही ईमेल करत होतो म्हणून मुदत वाढली असं होत नाही, त्यामुळे कंपनीच्या गोड बोलण्यात ती घालवू नका. कंपनीला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर वर १५ मिळतात, त्यापुढे नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडतात आणि जास्त वेळ लागतो हे धरूनच चला. मध्येच आयोग मध्यस्थीचं विचारतो, तिथे बऱ्याच कंपन्या सेटल करतात कारण तीस हजाराच्या मशीनसाठी वकील पाठवणं त्यांनाही परवडत नाही.

आणि निकाल आपल्या बाजूने लागला, कंपनी अपिलात गेली, तर राज्य आयोगात अपील ऐकून घ्यायच्या आधी तिला आदेशाच्या रकमेतले निम्मे पैसे भरावे लागतात. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असं चाललं तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज टाका. आदेश न पाळल्यास कमीत कमी एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.